‘नळ्या लावू नका’ असं लिहून ठेवता येतं का? लिव्हिंग विलविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात हा विषय निघतो तो सभा संपल्यावर. चहा झालेला असतो, लोक चपला शोधत असतात आणि कुणीतरी बाजूला घेऊन हळूच विचारतं, "तुम्ही तो कागद केलाय म्हणे?" होय, केलाय. २०१९ साली माझे वडील सतरा दिवस आयसीयूत होते, त्यानंतर वर्षभरात मी या विषयाच्या मागे लागलो. मी वकील नाही, डॉक्टर नाही. बँकेतून निवृत्त झालेला कारकुनी डोक्याचा माणूस आहे. निकाल वाचले, डॉक्टरांना पिडलं, नोटरीकडे खेपा घातल्या. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न आणि मला कळलेली उत्तरं इथे एकत्र करतो आहे.

लिव्हिंग विल म्हणजे काय? मृत्युपत्र आणि हे एकच का?

नाही. मृत्युपत्र आपण गेल्यावर उघडतात आणि त्यात घर, शेत, दागिने कुणाला ते असतं. लिव्हिंग विल आपण जिवंत असताना, पण बोलण्याच्या स्थितीत नसताना कामाला येतं. आजार बरा होण्यापलीकडे गेला आणि मला स्वतःला काही सांगता येत नसलं, तर कोणते उपचार करावेत, कोणते करू नयेत आणि माझ्या वतीने कुणाला विचारावं, हे त्यात लिहिलेलं असतं. मराठीत कुणी ‘वैद्यकीय इच्छापत्र’ म्हणतं, कुणी ‘जीवित इच्छापत्र’. मी लिव्हिंग विलच म्हणतो, कारण ‘इच्छापत्र’ म्हटलं की समोरच्याचे कान सातबाऱ्याकडे टवकारतात.

म्हणजे हे इच्छामरणच झालं की!

या शब्दाने फार घोटाळा केला आहे. इंजेक्शन देऊन कुणाचा जीव संपवणं हा भारतात गुन्हा आहे, रुग्णाने हात जोडून विनवलं तरीही. नेदरलँड्समध्ये २००२पासून ठरावीक अटींवर डॉक्टरांना ते करता येतं, आपल्याकडे नाही. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलं आहे ते एवढंच: बरं होण्याची आशा उरलेली नसताना केवळ यंत्राने श्वास लांबवणारे उपचार सुरू न करणं किंवा सुरू असलेले थांबवणं. मरण आजारानेच येतं, आपण त्याच्या वाटेत आडवं पडणं सोडतो. इच्छामरण म्हटलं की भीष्म आठवतो, आणि भीष्माला व्हेंटिलेटर नव्हता.

हा सगळा प्रकार सुरू कुठून झाला?

परळच्या केईएम रुग्णालयातून. २७ नोव्हेंबर १९७३ला तिथल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर रुग्णालयातल्याच एका सफाई कामगाराने हल्ला केला. गळा साखळीने आवळला गेल्यामुळे मेंदूचा रक्तपुरवठा तुटला आणि त्या पुन्हा कधी शुद्धीवर आल्या नाहीत. केईएमच्या परिचारिकांच्या एकामागून एक पिढ्यांनी त्यांना भरवलं, न्हाऊ घातलं, कूस बदलून दिली. पत्रकार पिंकी विराणी यांनी त्यांच्या वतीने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. ७ मार्च २०११ला निकाल आला. न्यायालयाने अरुणाताईंच्या बाबतीत परवानगी नाकारली, कारण त्यांची जवळची माणसं म्हणजे केईएमचे कर्मचारी आणि ते त्यांना सोडायला तयार नव्हते. पण त्याच निकालात, उच्च न्यायालयाच्या परवानगीने असे उपचार थांबवता येतील, हे तत्त्व पहिल्यांदा मान्य झालं. अरुणाताई १८ मे २०१५ला न्यूमोनियाने गेल्या. जवळजवळ बेचाळीस वर्षं.

या निकालाचा अर्थ लोक उलटसुलट लावतात. मला त्यातली एकच गोष्ट महत्त्वाची वाटते. अरुणाताईंना स्वतःला काय हवं होतं, हे कुणालाच माहीत नव्हतं. याचिकाकर्ती, परिचारिका, न्यायमूर्ती, सगळेच अंदाज बांधत होते.

पुढे ९ मार्च २०१८ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ‘कॉमन कॉज’ संस्थेच्या याचिकेवर निकाल देताना, सन्मानाने मरणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असं सांगितलं आणि लिव्हिंग विलला मान्यता दिली. फक्त पद्धत इतकी किचकट ठेवली होती, की कागदावर न्यायदंडाधिकाऱ्यांची सही लागायची आणि उपचार थांबवण्याआधी मत देणाऱ्या दोन वैद्यकीय मंडळांपैकी दुसरं जिल्हाधिकाऱ्यांनी नेमायचं. आयसीयूतल्या माणसाचे नातेवाईक कलेक्टर कचेरीत कधी जाणार? अतिदक्षता तज्ज्ञांच्या संघटनेने पुन्हा दार ठोठावलं आणि २४ जानेवारी २०२३ला न्यायालयाने ही पद्धत बरीच सोपी केली. आज चालते ती तीच.

कागद करायचा कसा?

सज्ञान आणि शुद्धीवर असलेल्या कुणालाही करता येतो. दोन साक्षीदारांसमोर सही करायची. ते शक्यतो घरचे किंवा हितसंबंध असलेले नसावेत. मग नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर तो साक्षांकित करून घ्यायचा. आता न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जावं लागत नाही. आपल्या वतीने निर्णय सांगणाऱ्या माणसांची नावं त्यात हवीत, एकापेक्षा जास्त चालतात. एक प्रत त्यांना, एक फॅमिली डॉक्टरला आणि एक महापालिका, नगरपालिका किंवा पंचायतीतल्या नेमलेल्या अधिकाऱ्याकडे.

हा शेवटचा अधिकारी म्हणजे मोठी गंमत. निकालात त्याचा उल्लेख आहे, पण कचेरीत विचारलं तर खिडकीपलीकडचा माणूस आपल्याकडे असा बघायचा, जणू आपण स्वतःचाच मृत्यूचा दाखला मागतोय. महाराष्ट्रात यावरून मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका करावी लागली, तेव्हा कुठे अशा नेमणुका झाल्या. गोव्यात मे २०२४मध्ये उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती एम. एस. सोनक यांनी स्वतःचं लिव्हिंग विल नोंदवलं, त्याची बातमी झाली आणि तिथल्या लोकांचा संकोच जरा कमी झाला. तुमच्या गावच्या कचेरीत अजून ‘असलं काही नसतं’ असं ऐकावं लागलं, तर अर्ज आवक-जावकला द्या आणि शिक्क्यासह पोच घ्या. बँकेतला माणूस म्हणून एवढं खात्रीने सांगतो, की शिक्का असलेल्या कागदाची इज्जत वेगळी असते.

निकालात भाषेची अट नाही. मी मराठीत केला आणि वैद्यकीय शब्द डॉक्टर वापरतात तसेच ठेवले. स्टॅम्प पेपरचीही अट नाही, तरी नोटरी तो मागतात. त्यावर हुज्जत घालण्यात अर्थ नाही.

त्यात लिहायचं काय? नमुना मिळेल का?

नमुने मिळतात. पण नुसता नमुना भरून सही करणं म्हणजे दुसऱ्याच्या मापाचा सदरा घालणं. ‘मला यातना नकोत’ हे वाक्य लिहून काही साधत नाही, यातना कुणालाच नको असतात. न्यायालयानेही म्हटलं आहे, की कागद संदिग्ध असेल तर वैद्यकीय मंडळ त्यावर चालणार नाही.

म्हणून एकेक गोष्ट वेगळी काढा. हृदय बंद पडलं तर छाती दाबून सुरू करायचा प्रयत्न करायचा का? वय पासष्ट, तब्येत ठणठणीत आणि अचानक झटका, तर मी म्हणेन जरूर करा. सगळ्या अंगात पसरलेला कर्करोग असेल तर नको. व्हेंटिलेटर? न्यूमोनियासाठी चार दिवस लागणारा व्हेंटिलेटर आणि मेंदू कायमचा गेल्यावरचा व्हेंटिलेटर यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. सरसकट ‘व्हेंटिलेटर नको’ लिहिणारे लोक पाहिले की मला धडकी भरते, कारण बरा होऊ शकणारा माणूस त्या एका ओळीपायी उगाच अडचणीत यायचा. डायलिसिस, नाकातून पोटात जाणारी नळी, रक्त चढवणं, पुन्हा पुन्हा आयसीयूत हलवणं, प्रत्येकाबद्दल ‘कोणत्या परिस्थितीत’ ते लिहा. एक संध्याकाळ फॅमिली डॉक्टरजवळ बसा. त्यांची फी द्या, फुकटात बसू नका.

काय हवं आहे तेही लिहावं. माझ्या कागदात आहे: वेदना थांबवणारं औषध कमी पडू देऊ नये, मग झोप जास्त लागली तरी चालेल, शक्य असेल तर घरी न्यावं, दाढी वाढू देऊ नये. शेवटच्या कलमावर नोटरी हसले. वडिलांचा सतरा दिवसांचा खुंट मला अजून दिसतो. जन्मभर रोज सकाळी सहाला दाढी करणारा माणूस होता तो.

प्रत्यक्ष वेळ आली की होतं काय? कागद दाखवला आणि नळ्या काढल्या?

इतकं सोपं नाही, आणि नसावंच. आधी उपचार करणारे डॉक्टर कागद खरा आहे का ते तपासतात. मग रुग्णालय पहिलं मंडळ बसवतं: उपचार करणारे डॉक्टर आणि त्या विषयातले किमान पाच वर्षं अनुभव असलेले आणखी दोघे. त्यांचं मत झालं आणि कागदात नाव असलेल्यांनी संमती दिली, की दुसरं मंडळ बसतं. त्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने नेमलेला एक डॉक्टर असतो आणि पहिल्या मंडळात नसलेले दोन तज्ज्ञ असतात. दोन्ही मंडळांनी शक्यतो ४८ तासांत मत द्यायचं. दोघांचं जुळलं तर न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवून मग उपचार थांबवले जातात. मंडळाने नकार दिला तर उच्च न्यायालयात जाता येतं.

लहान गावात दोन-दोन मंडळांसाठी तज्ज्ञ आणायचे कुठून, हा प्रश्न मात्र खरा आहे.

कागदच केलेला नसेल तर?

जवळच्या नातेवाइकांची संमती आणि तीच दोन मंडळं, हा मार्ग तेव्हाही मोकळा आहे. पण बहुतेक ठिकाणी हा मार्ग कुणी दाखवत नाही. तिथे होतो तो ‘डामा’. वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध डिस्चार्ज. ‘आम्ही आमच्या जबाबदारीवर घरी नेत आहोत’ असं लिहून मुलगा सही करतो, हाताने दाबायच्या फुग्यावर श्वास देत रुग्णवाहिका गावाकडे निघते आणि ओसरीवर पोचल्यावर फुगा थांबतो. वेदनेचं औषध बहुतेक वेळा सोबत नसतं. पैसे संपले म्हणून, आशा संपली म्हणून किंवा दोन्ही संपलं म्हणून हे रोज घडतं आणि सही करणारा मुलगा जन्मभर मनात म्हणत राहतो की बापाला मी मारलं. नीतीचा प्रश्न कुठे असेल तर तो इथे आहे. कायद्याने जे नीट, औषधासह, डॉक्टरांच्या देखत करता येतं, ते आपण चोरून, घाईत, अपराध्यासारखं करतो.

भाऊ परदेशात आहे. तो फोनवर म्हणतो, ‘सगळं करा’. आम्ही काय करायचं?

हा प्रश्न मला इतर कुठल्याही प्रश्नापेक्षा जास्त वेळा आला आहे आणि माझ्या घरातही तोच होता. धाकटा न्यू जर्सीत. वडिलांना पक्षाघाताचा दुसरा झटका आला, मेंदूत रक्तस्राव झाला, पाचव्या दिवशी डॉक्टरांनी मला केबिनमध्ये बसवून सांगितलं की आता सुधारणा होणार नाही. मी ते भावाला सांगितलं. तो म्हणाला, "दादा, पैशाची काळजी करू नकोस, जे जे आहे ते सगळं कर." मी उघडपणे काही बोललो नाही, पण मनात आलं की याला वाटतंय मी पैशासाठी बोलतोय. आणि त्याच्या मनात आलं असणार, की गेली आठ वर्षं मी तिथे नाही, आता निदान एवढं तरी करू. मग गळ्याला भोक पाडलं, दोनदा डायलिसिस झालं, हात सुजून टम्म झाले. आई रोज संध्याकाळी काचेबाहेरून बघून यायची. दहाव्या-बाराव्या दिवशी म्हणाली, "ह्यांना सुई टोचलेली कधी सहन व्हायची नाही रे." त्यावर आम्हा दोघा भावांकडे काही उत्तर नव्हतं.

तेव्हा उपाय सांगायचा तर भावाशी भांडणं हा नव्हे. दूर असलेल्याला पहिल्या दिवसापासून डॉक्टरांशी थेट बोलू द्या, निरोप तुम्ही पोचवू नका. ‘बाबांसाठी काय करायचं?’ असं विचारलं की उत्तर ‘सगळं’ हेच येणार, दुसरं काही म्हणायची कुणाची छाती होणार? ‘बाबा इथे बसून बोलू शकले असते तर काय म्हणाले असते?’ असं विचारा. आणि कागद करत असाल तर निर्णय सांगणाऱ्यांत परदेशातल्या मुलाचं नावही घाला. ज्याचं नाव वगळलं जातं, तो विमानातून उतरताच सगळं उलटं फिरवतो.

इस्टेटीसाठी मुलं याचा गैरवापर करणार नाहीत कशावरून?

शंका रास्त आहे. म्हणूनच दोन मंडळं, बाहेरचा डॉक्टर, न्यायदंडाधिकाऱ्यांना खबर. लोभी मुलाला एवढ्या डॉक्टरांना फितवण्यापेक्षा आईला दवाखान्यातच न नेणं सोपं जातं, आणि त्याला कुठलाच कागद लागत नाही.

माझी काळजी वेगळी आहे. संघातल्या पुरुषांनी कागद केले ते स्वतःच्या मनाने. बायकांपैकी बऱ्याच जणी म्हणाल्या, "मुलांना त्रास नको म्हणून करते." एकीला मी विचारलं, त्रासाचं सोडा, तुम्हाला काय हवंय? त्या बराच वेळ गप्प राहिल्या. दुसऱ्यावर ओझं होऊ नये म्हणून केलेली सही ही मोकळ्या मनाची सही आहे का? मला नाही वाटत. त्या बाईंना मी म्हटलं, कागद पुढच्या महिन्यात करू.

आणखी एक. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे, तरी आयसीयूतली खाट वेळेवर मिळणं हे गरिबाच्या नशिबावर असतं. ज्याला व्हेंटिलेटर मिळतच नाही, त्याच्यापुढे ‘व्हेंटिलेटर नको’ या कागदाचं कौतुक करताना जीभ जरा अडखळली पाहिजे.

धर्माच्या विरुद्ध नाही का?

आपल्याकडे देह ठेवण्याची परंपरा जुनी आहे; ज्ञानेश्वरांच्या समाधीची आळंदी महाराष्ट्राला सांगायला नको. नोव्हेंबर १९८२मध्ये विनोबांनी पवनारला शेवटच्या आजारात अन्न, पाणी आणि औषध नाकारलं, पंतप्रधानांनी विनंती करूनही. जैनांच्या सल्लेखनेवरून, म्हणजे अन्नपाणी सोडून देह ठेवण्याच्या व्रतावरून, २०१५ साली राजस्थान उच्च न्यायालयाने ती आत्महत्या ठरवली आणि त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. कॅथलिक चर्चचा जीव घेण्याला ठाम विरोध आहे; पण फळ न देणारे, असह्य ओझं होणारे उपचार नाकारता येतात, असं व्हॅटिकनने १९८०च्या जाहीरनाम्यात म्हटलं आहे. वसईच्या एका मित्राला हे त्याच्या पाद्रींनीच समजावलं.

पण लिव्हिंग विलसाठी विनोबा व्हायची गरज नाही. व्रत वेगळं, उपचाराला नकार वेगळा.

अन्नपाणी बंद करून उपाशी मारायचं का?

तोंडाने खाता येतंय तोवर भरवणं कुणीच बंद करत नाही. प्रश्न असतो तो नळीचा. अगदी शेवटच्या टप्प्यात शरीरच अन्न मागत नाही. जबरदस्तीने घातलं तर पोट फुगतं, छातीत पाणी होतं. हे मला एका परिचारिकेने सांगितलं, तेव्हा आईच्या हातातली पेजेची वाटी आठवली. ओठ ओले ठेवणं, कापसाने पाणी लावणं हे करायचंच. त्याला आपल्याकडे आधीपासून नाव आहे, रीत आहे.

ब्रेन डेड म्हणजे हेच का?

नाही. मेंदूचा खोड भाग मेल्याचं चार डॉक्टरांच्या मंडळाने, सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासून ठरवलं, की अवयवदानाच्या १९९४च्या कायद्याने तो मृत्यूच. लिव्हिंग विल लागतं ते जिवंत माणसासाठी.

आई रोज म्हणते, ‘देवा, ने आता’. तिचा कागद करून घेऊ का?

आधी तिच्याजवळ बसा. गुडघे दुखतात का, झोप लागते का, दिवसभर कुणी बोलतं का? जगण्याचा कंटाळा आणि उपचारांबद्दलचा निर्णय या दोन निराळ्या गोष्टी आहेत. उदासपणाला औषध आहे. मानसिक आरोग्यासाठीच्या ‘टेलिमानस’चा १४४१६ हा सरकारी क्रमांक फुकट आहे, मराठीत बोलतात. मन उजाडल्यावर कागदाचं बघू.

उपचार थांबवले की डॉक्टर वाऱ्यावर सोडतात?

उपचार थांबतात, शुश्रूषा थांबत नाही. दम लागणं, वेदना, घशातली घरघर, मनाची घालमेल, प्रत्येकावर औषध आहे आणि ती देणाऱ्या शाखेला पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. वांद्र्याचं शांती आवेदना सदन १९८६पासून कर्करोगाच्या शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांना मोफत सांभाळतं. पुण्यात वारज्याला सिप्लाचं केंद्र आहे. २०१४ साली अमली पदार्थांच्या कायद्यात दुरुस्ती झाल्यापासून मॉर्फिन हे तीव्र वेदनेवरचं औषध मिळण्यातले अडथळे कमी झाले आहेत. तालुक्याच्या गावी मात्र अजून विचारून बघा, बहुधा ‘जिल्ह्याला जा’ हेच उत्तर मिळेल.

घरात विषय काढायचा कसा? अभद्र बोलतोय म्हणतात.

आम्हीही म्हणायचो. दुसऱ्या कुणाच्या तेराव्याहून येताना गाडीत विषय आपोआप निघतो, तेव्हा टाळू नका. आणि सुरुवात आईवडिलांच्या कागदाने करू नका, स्वतःच्या कागदाने करा. मी माझा मसुदा जेवणाच्या टेबलावर ठेवला. मुलगी चिडली, उठून गेली. दोन दिवसांनी येऊन म्हणाली, "दाढीचं कलम राहू दे, पण डायलिसिसचं नीट लिही, मला कळलं नाही."

मत बदललं तर?

केव्हाही बदला, लेखी रद्द करा, नवा करा. जुन्या प्रती ज्यांच्याकडे आहेत त्यांच्याकडून परत घ्या.

आणि ठेवायचा कुठे?

लॉकरमध्ये ठेवू नका. पस्तीस वर्षं बँकेत काढली आहेत, शनिवारी रात्री दोन वाजता लॉकर उघडून देणारा माणूस मी तरी पाहिला नाही. आमचा फ्रिजवर आहे, औषधांच्या डब्याखाली, प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये.